बराबर, मॅडम

१

दिवसातून एकदा तरी गंधालीला वाटायचं, हा रेडिओ उचलावा आणि खिडकीतून खाली भिरकावून द्यावा.

जालन्याबाहेरच्या माळावर विमान शिकवणारी छोटीशी शाळा होती. एक धावपट्टी, विमानं ठेवायला एक पत्र्याचा हँगर, आणि चारी बाजूंनी काचा लावलेली एक उंच खोली. म्हणायला टॉवर, पण पाहणाऱ्याला ती पाण्याची टाकीच वाटायची. बाहेरून लोखंडी जिना. त्या खोलीत बसून वरच्या विमानांशी बोलायचं, हे गंधालीचं काम. काम वाईट नव्हतं. ज्यांच्याशी बोलायचं ते लोक वाईट होते, असं तिचं स्पष्ट मत होतं.

नियम साधा. टॉवरने काही सांगितलं की वैमानिकाने ते शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचं. त्याला रीडबॅक म्हणतात. का, तर माणसाचा भरवसा नाही. घरी निखिलला सांगितलं, येताना कोथिंबीर आण, की तो 'हं' म्हणतो आणि मेथी घेऊन येतो. आता नवरा मेथी आणतो तेव्हा फार तर भांडण होतं. विमानाने असा घोटाळा केला तर माणूस मरतो. म्हणून परत म्हणून दाखवायचं. एवढं सोपं. पण नाही!

त्यात तृप्ती म्हणजे कहर. तीर्थपुरीची शेतकऱ्याची पोरगी, हात असा की विमान उतरवताना मांडीवरचा चहासुद्धा हिंदकळू नये. पण तोंड उघडलं की संपलं. गंधालीने काहीही सांगितलं तरी वरून एकच उत्तर यायचं.

"बराबर, मॅडम."

"काय बराबर?" गंधाली विचारायची.

"तुम्ही म्हणल्या ते."

"मी काय म्हटलं?"

"आता मॅडम, तुम्ही बराबरच म्हणल्या असतान की!"

गंधाली कपाळाला हात लावायची. तृप्तीला खाली बोलावून समजावून झालं, ओरडून झालं, एकदा तर हात जोडून झाले. पोरगी मान हलवायची, डोळ्यांत पाणी आणायची, आणि दुसऱ्या दिवशी आभाळातून पुन्हा तेच. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी.

२

रोज सकाळी गंधाली आधी रेडिओ तपासायची. बटण दाबून म्हणायचं, "टॉवर टेस्टिंग. रनवे झिरो नाइन, वारा शांत." झिरो नाइन हा पट्टीचा नंबर. त्या वेळी वर कोणी नसायचं, त्यामुळे उत्तरही नसायचं. खाली हँगरातल्या कर्ण्यावर पुंजाराम मेकॅनिकला ते ऐकू जायचं आणि तो हात वर करायचा. झालं काम.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती हे सगळं म्हणाली, आणि स्पीकरमधून उत्तर आलं.

"रनवे झिरो नाइन, वारा शांत, लिमा पापा."

स्वच्छ, सावकाश, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. आवाज तृप्तीचा.

गंधाली इतकी खूश झाली की खुर्चीतून उठलीच. "शाब्बास गं माझ्या बाई! अशी बोल की रोज!" असं म्हणत तिने खाली पाहिलं.

लिमा पापा म्हणजे तृप्तीचं दोन आसनांचं पांढरं विमान. पोरं त्याला लिंबूपापड म्हणायची. ते हँगरात उभं होतं. त्याची बॅटरी काढून पुंजारामने बाकावर ठेवली होती. आणि तृप्ती पार पलीकडे, नळाखाली बादली भरत होती.

गंधालीने खिडकी उघडून हाक मारली. "तृप्ती, आत्ता रेडिओवर तू बोललीस?"

"न्हाई मॅडम! मी तर इथं पाणी भरून राह्यले!"

"मग कोण बोललं?"

"कोन बोललं?" तृप्तीने पुंजारामला विचारलं. पुंजाराम म्हणाला, मॅडम बोलल्या ते त्याने ऐकलं. बाकी काही नाही.

शाळेचे मुख्य शिक्षक कॅप्टन नागसेन. त्यांना गंधालीने सांगितलं, तर त्यांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं. "थंडीत आवाज लांबून येतात हो. कुठलं तरी दुसरं विमान असेल."

"दुसऱ्या विमानाचं नावही लिमा पापाच?"

"तुम्हाला तसं ऐकू आलं असेल."

या जगात गंधालीला कोणत्या वाक्याचा सगळ्यात जास्त राग येत असेल, तर तो याच वाक्याचा. आईपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी तिला ते ऐकवलं होतं. ती जिना चढून वर आली आणि दिवसभर धुमसत राहिली. धुमसण्याचा एक फायदा असतो, भीती वाटत नाही.

३

मग ट्रॅक्टरचं प्रकरण झालं.

धावपट्टीच्या कडेचं गवत कापायला ट्रॅक्टर आला होता. तृप्ती वर एकटी घिरट्या मारत होती. ती उतरायला वळली, आणि नेमका तेव्हाच तो शहाणा ट्रॅक्टरवाला भर पट्टीवर येऊन थांबला आणि खाली उतरून चाक बघू लागला. गंधालीने झटकन माइक ओढला. तिने बटण दाबलं.

"लिमा पापा, गो अराउंड! पट्टीवर ट्रॅक्टर आहे. गो अराउंड!" म्हणजे उतरू नकोस, पुन्हा वर चढ आणि फेरी मारून ये.

"गो अराउंड, पट्टीवर ट्रॅक्टर, लिमा पापा," लगेच उत्तर आलं. चोख, शब्द न् शब्द.

गंधालीने श्वास सोडला. एक क्षण. दुसऱ्या क्षणी तिला दिसलं की विमान चढत नाहीये. ते सरळ खालीच येत होतं, शांतपणे, एखादी शहाणी मुलगी शाळेतून घरी यावी तसं. ट्रॅक्टरवाला ओरडत बांधाकडे पळाला. तृप्तीने शेवटच्या घटकेला विमान ओढलं. चाकं ट्रॅक्टरच्या छतावरून गेली तेव्हा मधे हातभर जागा असेल नसेल.

खाली आल्यावर पोरगी विमानाचा पंख धरून उभी होती. गंधाली जिना उतरून धावतच गेली. भीती इतकी होती की तोंडून रागच बाहेर पडला.

"मी गो अराउंड म्हटलं! तू परत म्हणून दाखवलंस! मग आलीस कशाला खाली?"

"मॅडम, आईशपथ सांगते, तुम्ही काहीच न्हाई म्हणलं! नुसती खरखर आल्ती!"

"मग मला उत्तर कोणी दिलं? तुझ्या भुताने?"

पुंजाराम उगाच पाना पुसत राहिला.

कॅप्टननी निकाल लावला. तृप्तीने थोडे दिवस घरी जावं, रीडबॅक पाठ करावा, मग परत यावं. त्यानंतर तिची लांबची एकटीची फेरी, केदारखेड्यावरून अंकुशनगरपर्यंत आणि परत. त्यात बोलण्यात चुकली तर या शाळेत तिचं शिक्षण बंद. तृप्तीने बॅग उचलली. जाताना ती गंधालीच्या पाया पडायला वाकली, तर गंधालीने तिला उठवलं आणि पुन्हा रागावली. पाया काय पडतेस, नीट बोलायला शीक!

४

तृप्ती गेली आणि तो आवाजही बंद झाला. पण टॉवरची खोली पहिल्यासारखी राहिली नाही.

रेडिओ नुसता चालू असला की स्पीकरमध्ये बारीक खरखर असते. दुसऱ्या टोकाला कोणी बटण दाबलं की ती खरखर थांबते, आणि मग त्याचं बोलणं ऐकू येतं. ज्याचा दिवस या खोलीत जातो त्याला ही खरखर ऐकू येईनाशी होते, घरातल्या पंख्यासारखी. थांबली तरच लक्ष जातं.

आता ती थांबायला लागली. आभाळ मोकळं, सगळी विमानं हँगरात, गंधाली डबा खातेय, आणि मधेच खरखर बंद. कोणीतरी बटण दाबलंय. बोलत नाही. दाबूनच ठेवलंय. आणि तिला वाटायचं, पलीकडचं ऐकतंय. चपातीचा तुकडा मोडल्याचा आवाजसुद्धा. तिचं मन लगेच भांडायला उठायचं. अगं वेडे, बटण दाबणाऱ्याला उलट काहीच ऐकू येत नसतं, हे तू पोरांना शिकवतेस ना? तारेत बिघाड असेल. ओल असेल. पुंजारामने तीनदा रेडिओची पेटी उघडून बघितली. तार बराबर, ओल न्हाई, म्हणाला.

एका दुपारी ते इतका वेळ चाललं की गंधालीची सहनशक्ती संपली. तिने डबा बाजूला सारला आणि माइक ओढला.

"कोण आहे? बोलायचं तर बोला, नाहीतर बटण सोडा! डोक्याला ताप नुसता! आणि ते पोपटासारखं घोकून म्हणणं बंद करा. माणूस असाल तर माणसासारखं चुका जरा! आमची तृप्ती बघा, बराबर म्हणते, चुकते, पण कळतं तरी की माणूस बोलतंय!"

तिने बटण सोडलं. पलीकडची शांतता तशीच राहिली. जरा वेळाने खरखर सुरू झाली, तेव्हा गंधालीच्या लक्षात आलं की आपण रिकाम्या आभाळाशी भांडलो. तिला हसू आलं. पण त्या दिवशी ती डबा पुरा न खाताच घरी गेली.

५

तृप्तीच्या फेरीच्या दिवशी गंधालीला सकाळीच मुलीच्या शाळेत जावं लागलं. दिवस कलल्यावर ती परत आली तेव्हा तृप्तीचं विमान कधीच उडालं होतं. कॅप्टन कानाला फोन लावूनच खुर्चीतून उठले. "पोरगी केदारखेडा करून गेली. अंकुशनगरच्या साखर कारखान्याची चिमणी आली की सांगेल. मला संभाजीनगरला निघायचंय," एवढं म्हणून ते जिना उतरले. खाली त्यांची गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

गंधालीने बाहेर पाहिलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. उसाचे फड तुटले की लोक पाचट पेटवतात. दक्षिणेकडे सगळा धूर आणि धुरकं एकत्र झालेलं. सूर्य तांबडा होऊन खाली चाललेला. पट्टीला दिवे नव्हते. अंधार पडायच्या आत विमान खाली यायलाच हवं. शिवाय लांबची फेरी, तेलही बेताचंच उरणार. खाली बाकड्यावर तृप्तीचे वडील धर्मराज बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर पेढ्यांचा पुडा. लेकीची फेरी बघायला तीर्थपुरीहून मोटरसायकलवर आलेला माणूस. त्यांनी वर बघून हात जोडले.

स्पीकर बोलला.

"टॉवर, लिमा पापा, अंकुशनगर चिमणीवर, उंची दोन हजार, उतरण्यासाठी येत आहे."

गंधालीचा माइककडे गेलेला हात थांबला. चोख. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तोच आवाज. तिने बटण दाबलंच नाही.

खरखर थांबली, आणि पुन्हा तृप्ती बोलली.

"मॅडम, लिमा पापा. चिमणी आली बघा. येऊन राह्यले मी."

"अगं बाई!" गंधाली मोठ्याने म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ज्या बोलण्याने तिचं अर्धं रक्त आटवलं होतं, ते ऐकून तिला आज पोरीला मिठी मारावीशी वाटली.

"लिमा पापा, रनवे झिरो नाइन, वारा शांत. पट्टी दिसली की सांगा."

दोन उत्तरं एकावर एक आली. किंचाळल्यासारखा आवाज झाला, दोघे एकदम बोलले की होतो तसा. मग एकीचं शेपूट ऐकू आलं. "...दिसली की सांगते, लिमा पापा." आणि मग दुसरी.

"बराबर, मॅडम."

धुरक्यात विमान दिसत नव्हतं. नुसती घरघर, आणि ती एका बाजूने येतेय की दोन, हे गंधालीला सांगता येईना. काचेला कान लावूनही सांगता येईना. मन म्हणत होतं, विमान एकच आहे, मग उतरव की! पण उतरायला सांगितलं आणि त्या दुसरीने तेही गिळलं तर? ट्रॅक्टरच्या दिवशी गिळलं तसं? पोरगी तिकडे वाट बघत फिरत राहील, तेल संपेल, अंधार पडेल.

तिने सगळे नियम गुंडाळून ठेवले आणि सरळ मराठीत बोलली.

"नीट ऐका. आत्ता जी बराबर म्हणाली, तिने उतरायचं. पट्टी मोकळी आहे, ये बाळा. आणि दुसरी जी कोण असेल, तिने गो अराउंड. लांब जायचं. मी बोलावल्याशिवाय फिरकायचं नाही. कळलं?"

"बराबर, मॅडम."

आणि मग, किंचित थांबून, "गो अराउंड. लांब जाते. बोलावल्याशिवाय फिरकत नाही. लिमा पापा."

६

धुरक्यातून पांढरं विमान बाहेर आलं आणि उतरलं. चाकांचा आवाज झाला, धूळ उडाली. पंख्याची पाती हळू होत हँगरासमोर थांबली. गंधाली खुर्चीत मागे रेलली. ती हसत होती.

जिन्यावर पावलं वाजली. धर्मराज पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले आणि त्यांनी मागे दार लावून घेतलं.

"आली ना मॅडम लेकरू? म्हणलं आधी गुरूचं तोंड गोड करावं, मंग लेकीचं. घ्या."

"आली काका. चांगली उतरवली तिने."

"तुमचीच कृपा. लई मेहनत घेतली बघा पोरीनं. पार येडी झाल्ती. आठ दिवस गोठ्यात हिंडून नुसतं पाठ करून राह्यली. तिची आई म्हणली, भाकर खाती का, तर म्हणती, 'भाकर खाते, तृप्ती!'" ते खदखदून हसले. "ते बराबर म्हणायचं तर बिलकुल सोडलं. मेलं तरी आता तोंडातून निघायचं न्हाई, म्हणली. सकाळी कॅप्टनसायबानं शाबासकी देल्ली की, तुम्हाला बोलले न्हाई का?"

गंधालीच्या हातात पेढा तसाच राहिला.

तिने मान वळवून खाली पाहिलं. विमानाचं दार उघडं होतं. आसनावर कोणी नव्हतं. पुंजाराम विमानाकडे निघाला होता, तो मधेच थांबला होता, आणि आता तोंड तसंच तिकडे ठेवून एक एक पाऊल मागे सरत होता.

स्पीकरमधली खरखर थांबली.

"टॉवर, लिमा पापा. लांब थांबले आहे. तेल कमी आहे. उतरण्याची परवानगी मिळावी." फार स्वच्छ, पण बारीक, लांबून आल्यासारखं.

धर्मराजांनी पेटीकडे बघितलं, मग खिडकीतून खाली बघितलं. "ही आपली तृप्तीच की. खाली उतरली ना? मंग अजून त्याच्यात कशी काय बोलून राह्यली?"

गंधालीने माइकवर झडप घातली. "तृप्ती! उतर, बाळा, लगेच उतर! रनवे झिरो नाइन, उतर! मी बोलावतेय तुला! ऐकू येतंय का?"

तिने बटण सोडलं. स्पीकरमध्ये खरखर. उत्तर आलं ते दाराबाहेरून, जिन्याच्या वरच्या पायरीवरून.

"बराबर, मॅडम."

आवाज लेकीचा. धर्मराजांचा चेहरा खुलला आणि सवयीने त्यांचा हात कडीकडे गेला.

"काका, नका!" गंधाली ओरडली.

ते थांबले. हात कडीवर. बाहेरून कोणीतरी हळूच म्हणालं, "आबा, उघडा की." आणि त्याच वेळी पेटीतून आवाज आला. आता तो चोख नव्हता, त्यात रडू होतं.

"मॅडम, माझं काही चुकलं का? मी सगळं परत म्हणलं ना? कुठं चुकलं ते सांगा, मी नीट म्हणते."

गंधालीने बटण दाबलं. ती ओरडली, पोरीचं नाव घेऊन ओरडली, चूक माझी, तुझी नाही, असं तीन-तीनदा म्हणाली. प्रत्येक वेळी दाराबाहेरून समजूतदारपणे उत्तर आलं, बराबर, मॅडम. धर्मराज म्हातारे झाल्यासारखे भिंतीला टेकले होते. दक्षिणेकडे आता धूर कुठला आणि अंधार कुठला, ते वेगळं दिसत नव्हतं.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "ह्यातली माझी कोनती?"

गंधालीला ठाऊक होतं. पण तिचं तोंड उघडायच्या आत पेटीतली खरखर पुन्हा थांबली. पोरीने नाक ओढलं, घसा साफ केला, आणि उत्तर येत नाही म्हणजे आपलंच म्हणणं चुकलं असणार, अशा समजुतीने पहिल्यापासून सुरुवात केली, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"टॉवर. लिमा. पापा. उतरण्याची. परवानगी. मिळावी."